अहो, झालं का?

मी भोंगा बोलतोय. तसा जन्मभर बोलतच आलो, पण दुसऱ्याचं. कुणीतरी तोंडात शब्द घालायचं आणि मी ते गल्लोगल्ली ओरडत फिरायचो. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच बोलतोय, तेव्हा आवाज घोगरा वाटला तर सांभाळून घ्या. घशात चिखल जाऊन बसला होता माझ्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा पांढरं रुंद तोंड, लाल मूठ आणि खांद्याला अडकवायचा पट्टा असा माझा थाट होता. मुठीवर बटणं. काळं बटण दाबून बोललं की आवाज तेवढ्यापुरता मोठा होतो. लाल बटण दाबून बोललं की ते बोलणं माझ्या पोटात राहतं आणि मी ते पुन्हा पुन्हा म्हणत बसतो. पोट मात्र लहान. एका वेळी एकच निरोप मावतो, नवा आला की जुना पुसला जातो. एवढं ध्यानात असू द्या.

मला घेतलं ते शेगड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींनी. हातगाडीवर पाने, पक्कड, बर्नर, कुकरच्या रिंगा मांडून ते चढउताराच्या गल्ल्यांतून फिरायचे. हात सोन्याचा, पण आवाज इतका बारीक, की समोर उभा असलेला माणूससुद्धा "काय म्हणालात?" असं विचारायचा. म्हणून माझ्यात बोलायचं काम त्यांच्या बायकोकडे आलं. सगळी वस्ती तिला वहिनी म्हणायची. मिस्त्रींनी बटण दाबून मला धरलं आणि वहिनीनं खणखणीत आवाजात सांगितलं, "गॅसची शेगडी, कुकर, मिक्सर दुरुस्त करून मिळेल. शिट्टी होत नाही? ज्योत पिवळी येते? घेऊन या खाली." मिस्त्रींचा अंगठा बटणावर तसाच. वहिनी त्यांच्याकडे वळून म्हणाली, "अहो, झालं का? बंद करा की."

तेही माझ्या पोटात गेलं. मिस्त्री म्हणाले, पुन्हा करू. वहिनी म्हणाली, "राहू द्या. लोकांना शेगडीचं कळलं म्हणजे झालं."

लोकांना शेगडीचं कळलंच, पण डोक्यात बसलं ते शेवटचं वाक्य. मी गल्लीत शिरलो की पोरं ते माझ्याआधी म्हणून मोकळी व्हायची. कुणाच्या घरी नवऱ्यानं लांबण लावली की बायको म्हणायची, "अहो, झालं का? बंद करा की." मिस्त्री मान खाली घालून हसायचे. मला वाटायचं, हे सगळं माझंच कौतुक चाललंय. तोरा काही कमी नव्हता माझा.

वस्तीच्या मधून एक ओढा जायचा. एरवी त्यात चप्पल भिजण्यापुरतंही पाणी नसायचं. त्या दुपारी आमच्याकडे साधं शिंतडलंही नव्हतं, पाऊस सगळा वर डोंगरात. मिस्त्री सामान आणायला बाजारात गेले होते. दळणाच्या घरघरीसारखा आवाज आला, म्हणून वहिनी दारात आली. वरून दगड गडगडत येत होते. तिनं मला खिळ्यावरून ओढलं, काळं बटण दाबलं आणि धावत सुटली. "ओढा येतोय! सामान सोडा, वरच्या रस्त्याला चला!"

आणि लोकांनी काय केलं? हसले. वहिनीचा आवाज आणि तो माझ्या तोंडून, म्हणजे शेगडीवालेच आले असणार. एका खिडकीतून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "आमची शेगडी ठीक आहे हो, वहिनी." तेव्हा तिनं ज्या शिव्या घातल्या, त्या मी ना आधी ऐकल्या होत्या, ना नंतर. मग दारं उघडली, माणसं पळाली.

ओढ्याकाठच्या शेवटच्या घरात एक म्हातारी आजी आणि तिची लहानगी नात होती. आजीला ऐकू कमी. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून वहिनीनं मला वरच्या रस्त्याला जाणाऱ्या जिन्याच्या कठड्याला अडकवलं. नातीला वर आणून दिलं. पुन्हा उतरली, आजीला खालून ढकलत जिन्यापर्यंत आणलं. वरच्यांनी आजीचा हात धरला. वहिनीचा धरायला वेळ मिळाला नाही.

मी तिथंच लटकत होतो. पोटात तिचाच आवाज होता, सेल भरलेले होते, पण बटण दाबायला कुणी नव्हतं.

पाणी आलं तसं ओसरलं आणि घराघरांत गुडघाभर चिखल ठेवून गेलं. वहिनी खूप खाली, वळणाजवळ सापडली. मिस्त्रींनी मला कठड्यावरून काढलं, आपल्या सदऱ्यानं पुसलं. शाळेत मदतीचं केंद्र उघडलं होतं, तिथं पांघरुणं आणि शिजवलेलं अन्न मिळायचं. मिस्त्री जेवण घेऊन यायचे, ते तसंच राहायचं. भिंतीकडे तोंड करून ते माझा आवाज अगदी बारीक करत आणि मला कानाला लावत. मी शेगडी, कुकर, मिक्सर म्हणायचो. शेवटचं वाक्य आलं की ते पुन्हा पहिल्यापासून लावायचे.

लोक घरी परतून चिखल उपसायला लागले. पिण्याच्या पाण्याचा टँकर यायचा, पण रस्ता खचल्यामुळे तो मोठ्या रस्त्यावरच थांबायचा. चढून कळशा आणता आणता बायका मेटाकुटीला आल्या. गल्लीतल्या विहिरीचं पाणी वरून निवळ दिसत होतं. मग ते प्यायला सुरुवात झाली आणि पोरांना जुलाब-उलट्या लागल्या.

मदत पथकातली एक नर्स दारोदार सांगत फिरायची. तिचा घसा पार बसला. वीज नव्हती, सगळ्यांचे फोन मेलेले, तिचाही. मी आपला सेलवर चालणारा, म्हणून जिवंत. ती मिस्त्रींकडे आली.

"हा भोंगा द्याल का? यात एकदा बोलून ठेवलं की हा आपला आपण सांगत राहील."

मिस्त्रींनी तिच्या हातात देऊन मला चालू केलं. नर्सनं सगळं ऐकलं, अगदी "बंद करा की"पर्यंत. मग तिनं मला परत त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी ओरडेन."

मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मग ती नात आजारी पडली. केंद्रातल्या सतरंजीवर पोर मलूल होऊन पडली होती, डोळे खोल गेलेले. नर्स चमच्यानं साखरमिठाचं पाणी पाजत होती.

"आजी, पाणी उकळून द्या म्हणून सांगितलं होतं ना?"

"मला ऐकू आलं तर ना, बाई. आणि उकळू कशावर? शेगडीत चिखल भरलाय."

मिस्त्री जवळच उभे होते. पोरीकडे बघत राहिले. हिलाच वहिनीनं कडेवरून वर आणलं होतं.

"बर्नर आणि नळ्या मिळतील का?" त्यांनी नर्सला विचारलं. "बाकीचं मी बघतो."

नर्सनं मान डोलावली. मिस्त्री मला घेऊन पायरीवर बसले. शेवटचं एकदा कानाला लावलं. मग अंगठा लाल बटणावर ठेवला. मला नको म्हणायचं होतं, पण आमच्या जातीला स्वतःचं बोलता येत नाही. त्यांचा तो बारीक आवाज आत आला आणि तिचा पुसत गेला. "विहिरीचं पाणी तसंच पिऊ नका. उकळूनच प्या. शेगडी बंद असेल तर घेऊन या. दुरुस्तीचं काही द्यायचं नाही." आणि सवयीनं शेजारी बघत म्हणाले, "झालं का?"

शेजारी कुणी नव्हतं. तेही माझ्या पोटात गेलं.

मिस्त्रींची हातगाडी गल्लीत शिरली. मी पूर्ण ताकदीनं ओरडत होतो. खिडक्या उघडल्या. आवाज बदललाय हे कळायला कुणाला वेळ लागला नाही. कुणी हसलं नाही. माझा निरोप संपत आला, "झालं का?" म्हणून मी थांबलो, आणि गल्लीत चिडीचूप झालं.

आजी ओसरीवर बसली होती. मी तिच्या कानाशीच ओरडल्यामुळे तिला ऐकू आलं होतं.

"झालं हो," ती म्हणाली. "बंद करा की."

मग दुसऱ्या खिडकीतून कुणीतरी म्हणालं. मग तिसऱ्या. मिस्त्रींनी गाडीच्या कडेला डोकं टेकलं आणि पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडले. बायका चिखलानं भरलेल्या शेगड्या घेऊन खाली आल्या. पहिली दुरुस्त झाली ती आजीची, आणि तिच्यावर पहिलं पातेलं उकळलं ते नातीसाठी. पोर वाचली. आता हुंदडते.

नर्स आणि तिचं पथक कधीच गेलं. विहीर उपसून झाली. माझं तोंड तडकलंय, मूठ सुतळीनं बांधलीय. वस्तीतले लोक म्हणतात, मिस्त्री, आता शेगडीचं नवं बोलून टाका. ते हो म्हणतात आणि तेच पाणी उकळायचं जुनं लावतात. गल्ली रोज उत्तर देते.

माझं एकच मागणं आहे. ओढा अजून तिथंच आहे. पुन्हा कधी भर दुपारी ओळखीच्या आवाजात कुणी पळा म्हणालं, तर हसत बसू नका. आधी वर चढा, आणि चढताना मागे वळून, खाली कुणी राहिलं असेल तर त्याचा हात धरा.

बास, माझं म्हणणं झालं. आता बंद करा की.