मुलुंड टाळण्याचं यंत्र

घाटकोपरहून मुलुंडला जायला फारसा वेळ लागत नाही. वनमालाकाकू मात्र काही वर्षं तिकडे राहायला जायचं टाळत होत्या, आणि या कामी त्यांनी दाखवलेली चिकाटी कुठल्याही सरकारी खात्याला शोभली असती.

मुलुंडला त्यांचा मुलगा सिद्धेश राहतो. उंच टॉवर, सून श्वेता स्वभावाने गरीब, काकूंसाठी वेगळी खोली आणि खिडकीत डोंगर. काकूंची तक्रार एवढीच की तिथे लोक दार लावून घेतात. आमच्या मजल्यावर दार लावलं की शेजारी तब्येतीची चौकशी करायला येतात.

पावसाळ्यात काकू मोरीत घसरल्या आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं त्या दिवशी सिद्धेशने शेवटचं सांगितलं. घरात कॅमेरे लावू. ऑफिसातून मला मोबाइलवर तू दिसत राहिलीस तर राहा इथे. नाहीतर मुलुंड.

जी बाई लग्नाच्या फोटोतही निम्मी पदराआड आहे, तिने त्याच क्षणी होकार दिला.

सिद्धेशने वायफायवाले तीन कॅमेरे आणले. पहिल्याच संध्याकाळी मोबाइलवर काकू कढईत बोंबील सोडताना दिसल्या आणि तशाच थिजल्या. बोंबील हवेत, हात हवेत, मधोमध एक गोल फिरतंय. सिद्धेशने काकूंच्या राउटरवर कोण कोण आहे ते पाहिलं, तर अख्खा मजला निघाला. काकूंनी पासवर्ड वाटीभर साखरेसारखा वाटला होता. शेजारची तेजल त्यावर परीक्षेचे क्लास ऐकत होती, समोरच्या संघमित्राताई बँकेतलं घरी आणलेलं काम उरकत होत्या, आणि सोनूबाई परभणीच्या नातवाला व्हिडिओवर जेवू घालत होत्या.

"पासवर्ड बदल," सिद्धेश म्हणाला.

"आणि लोकांका काय सांगू? माझ्या झिलाक आई दिसत नाय, तुम्ही उठा?"

मग बॅग भर, असं तो म्हणाला. काकूंनी बॅगेऐवजी बाजाराची पिशवी घेतली आणि त्याला घेऊन मिहिरभाईंचं दुकान गाठलं. कॅमेरे तिथूनच आणले होते.

मासे घ्यायच्या पद्धतीनेच काकूंनी सुरुवात केली. पुढे मांडलेलं नको, मागचं काढा. यापेक्षा दांडगा राउटर घेतला तर? मिहिरभाई म्हणाले, काकी, हवेत गर्दी झाली की दांडगाही अडकणार. कॅमेऱ्यांना वायर घाला. त्यांची वाट वेगळी, शेजाऱ्यांची वेगळी. मग त्यांनी एक चपटा डबा काढला. त्याला पीओई स्विच म्हणतात. कॅमेऱ्याला नेट आणि वीज दोन्ही एकाच वायरीतून जातात.

"म्हणजे एकाच डब्यातून भात नि आमटी," काकू म्हणाल्या. "सांडत नाय ना?"

मिहिरभाईंनी नाही म्हणून शब्द दिला. सिद्धेशला वायरींसाठी चार तोंडं असलेला डबा पुरेसा वाटत होता. काकूंनी आठाचा उचलला. कॅमेरे तीनच आहेत, असं तो म्हणाला तेव्हा त्यांनी विचारलं, तीन माणसं जेवायची म्हणून कोणी तिघांपुरताच भात टाकतं का. मिहिरभाई म्हणाले, तोंडं मोजू नका, सगळ्या कॅमेऱ्यांना मिळून वीज किती पुरवतो ते बघा. त्यातही आठाचाच सरस निघाला, आणि काकूंनी मुलाकडे न बघता तो पिशवीत टाकला. वायफायचे कॅमेरे मिहिरभाईंनी कुरकुरत बदलून दिले.

आता चित्र असं स्वच्छ की कोथिंबीर मोजून घ्यावी. अंधेरीच्या ऑफिसात सिद्धेशच्या खांद्यावरून बघणारे सहकारी जेवणाच्या सुट्टीआधी आज काकूंकडे काय शिजतंय ते विचारू लागले.

एका दुपारी तिन्ही चित्रं एकदम काळी झाली. फोन नुसता वाजत राहिला. शेजारी कोणाला बघायला सांगावं तर तेजलचा क्लास चालू, संघमित्राताई बँकेत. सिद्धेश मेट्रोने घाटकोपरला आला, जिना धावत चढला, तर दाराला कुलूप. तो तिथेच पायरीवर बसला. थोड्या वेळाने खालून काकू आणि सोनूबाई सुरमईच्या भावावरून वाद घालत वर आल्या.

कॅमेरे का बंद, असं त्याने विचारलं.

"घरात कोण नाय, मगे दिवे कोणासाठी जळत ठेवू? बटण बंद केलं."

हे वळण सिद्धेशच्या वडिलांनी, अनंतरावांनी, गिरणीच्या दिवसांत लावलेलं. घर रिकामं करताना गॅस, पंखा, दिवा, सगळं बंद. डब्यावरचे हिरवे दिवे रिकाम्या घरात लुकलुकताना काकूंना नळ वाहता सोडल्यासारखं वाटायचं.

सिद्धेश ओरडेल म्हणून सोनूबाई मासळी घेऊन पुढे सटकल्या. पण तो ओरडला नाही.

"मला वाटलं तू पुन्हा पडलीस," तो म्हणाला. "उठवायला कोणी नाही असं वाटलं."

काकूंनी दार उघडलं, त्याला पाणी दिलं आणि स्वतः बॅग कुठे ठेवली आहे ते बघू लागल्या. पलंगाखालून ती अर्धी ओढली तेव्हा तो म्हणाला, "आई, घर रिकामं कुठे असतं? दिवसभर मी असतो ना इथे. त्या कॅमेऱ्यात."

काकूंनी यावर बराच विचार केला. मुद्दा बिनतोड होता. घरात माणूस असताना बटणं बंद करायची, असं अनंतराव कधीच म्हणाले नव्हते. त्यांनी बॅग पायाने आत ढकलली आणि सुरमईला मीठ लावायला गेल्या. मुलुंडचा विषय सिद्धेशनेही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी काकू सोनूबाईंबरोबर बाहेर पडल्या. अंधेरीला सिद्धेशने मोबाइल उघडला. खोलीत कोणी नव्हतं. डब्यावरचे दिवे चालू होते. आणि उकाडा फार म्हणून काकूंनी त्याच्यासाठी पंखाही चालू ठेवला होता.