अर्क नसलेली बशी

रुबीना मुजावर कोल्हापुरातल्या एका डेंटल कॉलेजात एम.डी.एस.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे वडील बाबालाल मुरगूडच्या बाजारात दंतमंजन विकायचे. बकुळीची साल, बाभळीची साल आणि सैंधव. कृती त्यांच्या आईची. साल कुटत वाढलेल्या रुबीनानं प्रबंधाला विषयही तोच घेतला: बकुळीच्या सालीचा अर्क तोंडातल्या जंतूंना मारतो का?

पहिले निकाल झकास आले. काचेच्या बशीतल्या जंतू पसरलेल्या जेलीत खळगा करून त्यात अर्क सोडला, की दुसऱ्या दिवशी खळग्याभोवती स्वच्छ गोल दिसायचा. तिथं जंतू वाढलेच नव्हते. अठरा मिलिमीटर! विभागप्रमुख डॉ. अमरसिंह इंगवले एवढे खूश झाले, की त्यांनी ओळखीचे कारखानदार उदयसिंह यांना बोलावून घेतलं. मंजन कारखान्यात करायचं ठरलं. डब्यावर बाबालालचा फोटो, खाली ओळ: 'तोंडातल्या सर्व जंतूंवर सिद्ध.' फोटोसाठी बाबालालनी नवी टोपी घेतली.

मग रुबीनानं एक राहून गेलेली चाचणी केली. अर्क काढताना साल अल्कोहोलमध्ये भिजवलेली होती. म्हणून एका बशीत साल नसलेलं नुसतं अल्कोहोल सोडलं. तिथंही गोल उमटला. सतरा. तिनं तीनदा करून पाहिलं. सतरा, अठरा, सतरा. म्हणजे जंतू मारले होते ते अल्कोहोलनं. सालीचा अर्क पाण्यात काढून बघितला, तर दात किडवणाऱ्या जंतूंवर जेमतेम दहाचा गोल आला. तोंडात पांढरे चट्टे उठवणाऱ्या बुरशीवर तर काहीच नाही.

बशा घेऊन ती सरांच्या केबिनमध्ये गेली.

"हे प्रबंधात नको," सर म्हणाले.

"सर, मग प्रबंधात राहतं काय?"

"अगं, तुझ्याच वडिलांचं भलं होतंय. घरच्या माणसाच्या पायावर धोंडा कशाला टाकतेस?"

"बुरशी झालेला पेशंट हे मंजन लावत बसला तर, सर? त्याचं भलं कोण बघणार?"

"सही माझी लागते, रुबीना. लक्षात ठेव."

"तुमची सही तुमच्याजवळ, सर. माझे आकडे माझ्याजवळ."

रविवारी ती मुरगूडला गेली. तिनं सगळं सांगितल्यावर बाबालाल ताटावरून उठले.

"माझ्या आईनं गावाच्या हिरड्यांचं रक्त थांबवलंय. तवा कुठं हुत्या तुज्या बशा?"

"हिरड्यांसाठी चांगलं असंल, अब्बा. ते मी तपासलेलंच न्हाय, तर खोटं तरी कसं म्हणू? पण 'सर्व जंतूंवर' म्हणायचं न्हाय."

"डब्यावर फोटो यायचा हाय माझा!"

"खोट्या ओळीवर तुमचा फोटो मी येऊ द्यायची न्हाय."

बाबालालनी बोलणंच टाकलं. ती एसटीत बसून परत निघाली तेव्हा डोळे भरून येत होते, पण निर्णय हलला नव्हता.

सादरीकरणाच्या दिवशी पहिल्या रांगेत उदयसिंह होते, शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक डॉ. तेजस्वी पाटील. सरांनी आदल्या दिवशी गाळायला लावलेले आकडे रुबीनानं सगळ्यात आधी दाखवले. मग तिनं नुसत्या अल्कोहोलची बशी परीक्षकांच्या हातात दिली.

"यात साल नाही, मॅडम. तरी गोल आहे. म्हणून माझा पहिला निष्कर्ष मी मागं घेते."

"बस कर," इंगवले सर खेकसले. "खाली ये."

"पाण्यातल्या अर्काचे आकडे राहिलेत, सर. ते सांगून येते."

तिनं शेवटचा आकडा सांगितला आणि मगच खाली उतरली. उदयसिंह चहाला न थांबता निघून गेले.

सरांनी सही नाकारली. रुबीनानं विद्यापीठाकडं लेखी अर्ज केला, मार्गदर्शक बदलून घेतला. प्रबंध सहा महिने लांबला. बरोबरच्या मुली पास होऊन गेल्या, ही मात्र त्याच प्रयोगशाळेत बशा भरत राहिली. कुणी विचारलंच तर सांगायची, "व्हय, माझाच प्रयोग फसला. फसलेला लिहितेय." शेवटी तो प्रबंध एकही आकडा न गाळता मंजूर झाला.

त्यानंतर एका मंगळवारी कॉलेजच्या ओपीडीत गलका ऐकू आला. बाबालाल रांग मोडून पुढं येत होते. मागं तोंडाला पदर लावलेली एक बाई.

"ही चिमणाबाई. शुगर हाय हिला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "जिभेवर पांढरं पांढरं आलंय. मंजन मागाय आलती. म्हटलं, माझ्या मंजनानं हे जायचं न्हाय. माझ्या लेकीनं तपासलंय."

रुबीनानं हातमोजे चढवले आणि चिमणाबाईंना खुर्चीत बसायला सांगितलं.