निळा पाक

माझा धाकटा दीर केक सजवतो, त्यामुळे रंगांतलं आपल्याला सगळं कळतं, असा त्याचा समज. फुलं संपली की मी गच्चीवरच्या पेटीतल्या मधमाश्यांना साखरेचा पाक ठेवते. यंदा तो भराभर संपायला लागला.

"वहिनी, शेजारच्या शिंपीणबाईंच्या माश्या चोरतायत. सिद्ध करतो."

आणि मी बहिणीकडे गेलेली बघून त्याने पाकात निळा रंग ओतला. अख्खी बाटली. ज्याचं पोट निळं, तो चोर!

परत आले तर पेटीखाली माश्या सरपटत होत्या. उडता येईना. झाकण काढलं. अळ्या काळवंडलेल्या, राणी तळाशी मेलेली, आणि कामकरी माश्या तिला अजून चाटत होत्या.

"काय घातलंस?"

"नैसर्गिक आहे, वहिनी! फुलांचा रंग. लहान पोरं खातात."

"पोरांना सहा पाय असतात का रे, मेल्या?"

"रंगानंच झालं कशावरून?"

"नसेलही. मला माहीत नाही. तुला माहीत होतं? मग ओतलास कशाला?"

"चांगल्यासाठीच केलं ना त्याने," सासूबाई म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून शिंपीणबाई ओरडल्या, "अहो, माझ्या माश्या निळ्या होऊन पडतायत!"

दिराने टाळी वाजवली. "बघ! सापडल्या!"

"हसतोस? आपल्या मारल्यास, आता त्यांच्याही!" भुकेल्या माशीला कसलं आलंय आपलं-परकं.

बिनराणीची पेटी टिकत नाही. उरलेल्या माश्या दुसऱ्या राणीच्या पेटीवर ठेवायच्या, मध्ये वर्तमानपत्राचा कागद. माश्या तो कुरतडेपर्यंत दोन्ही पेट्यांचा वास एक होतो, मारामारी होत नाही. आणि जवळपास दुसरी राणी होती ती फक्त शिंपीणबाईंकडे. जिवंत आहे का, तेवढं ओरडून विचारलं. होती.

निळा पाक, तो भरलेल्या पोळ्याच्या चौकटी काढून टाकल्या.

"चोरांच्याच घरी द्यायच्या?" दीर पुटपुटला.

"तू चल. तोंडाने सांगायचंस, काय केलंस ते."

पेटी खाली उतरवून त्यांच्या दारात नेली. शिंपीणबाई कात्री हातात घेऊनच दारात आल्या. त्याने सांगितलं, अर्धं गिळत. उरलेलं मी सांगितलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ताई, पेटी वर घ्या. आहे त्यातलं वाचवू. पण हा माझ्या गच्चीवर नको."

"जड आहे, वहिनी, निदान जिन्यापर्यंत मी—"

"हात लावू नकोस," म्हटलं, आणि पेटी पोटाशी धरून चढायला लागले. आत अजून गुणगुण होती. बारीक, पण होती.