तारा कापलेली तुळई

साहेब, तुम्ही माझ्या पोटातल्या तारा कापायला लावल्यात आणि वरून रंग फासलात. आता सगळ्यांसमोर ऐकून घ्या.

मित्रांनो, मी या साहेबांच्या धुलाईघराच्या छताखालची जुनी तुळई आहे. मला ओतताना काँक्रीटमध्ये पोलादी तारांचे बारीक तुकडे कालवले होते. नुसतं काँक्रीट आडमुठं असतं. खांबाजवळ तिरकं तडकलं की एका दमात कोसळतं, सावध व्हायला सवड देत नाही. तारा मात्र भेगेचे दोन्ही काठ धरून ठेवतात. तेवढ्यात माणसांना पळता येतं. मी नवी होते तेव्हा येणारेजाणारे मान वर करून माझं कौतुक करायचे.

मग वरच्या मजल्यावर कपडे सुकवायची अवजड यंत्रं आणली. मला झेपेल का, हे कुणी पाहिलं नाही. खांबाजवळ तिरकी भेग पडली. तारांनी ती दातओठ खाऊन धरली. माझ्याखाली चादरींना इस्त्री करणाऱ्या मावशींनी साहेबांना बोलावलं.

"साहेब, ही वाढतेय हो. भीती वाटते."

"मावशी, वय झालं की भेगा पडायच्याच. तुमच्या टाचा बघा!"

सगळे हसले. मावशीही हसल्या, पण त्यांनी टेबल ओढून लांब नेलं.

साहेबांनी भेग बुजवायला रंगारी बोलावला. तो शिडीवर चढला. "साहेब, भेगेत तारा आहेत. पुट्टी बसत नाही."

"मग काप की! माझं तोंड काय बघतोस?"

कटर फिरला. तारांचे तुकडे फरशीवर पडले, ते मावशींनीच झाडून काढले. भेग बुजली, रंग चढला.

"बघा, कशी नवी दिसते! मावशी, टेबल जागेवर घ्या. ढकलगाड्यांची वाट अडते."

"गाड्यांची काळजी आहे, आमच्या डोक्याची नाही," मावशी पुटपुटल्या. पण नोकरी टिकवायची होती. टेबल परत माझ्याखाली आलं.

मित्रांनो, कटर पोचला नाही तिथल्या थोड्या तारांच्या जिवावर मी तग धरून आहे. रंगाखाली भेग पुन्हा उघडतेय. आणि आज वर आणखी एक यंत्र चढवताहेत. ते माझ्या पाठीवरून गडगडत चाललंय, खाली मावशी वाकून चादरीची घडी घालताहेत. निगा राखणं म्हणजे रंग देणं नव्हे. भेग दिसली तर झाकू नका, आधी भार उतरवा.

साहेब, तुमची खुर्ची पलीकडच्या खोलीत आहे. ते यंत्र जागेवर बसेपर्यंत मावशींच्या जागी तुम्ही उभे राहाल का? वर बघा आणि उत्तर द्या.