क्राउझबाईंच्या मांडीवरचं हेल्मेट

आता सांगा, हा कुठला न्याय? पाप केलं जुन्या कोचनं, तो गेला फ्लोरिडाला मासे मारत बसायला, आणि शिक्षा भोगतंय कोण? तर तेव्हा शाळेत असलेली पोरं! ब्लॅकथॉर्न कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे त्या काळातले सगळे विजय रद्द झाले, आणि दोन वर्षं मोसमानंतरच्या एकाही मोठ्या सामन्यात उतरायला बंदी. कॅप्टन लायल ओस्टगार्डचं हे शेवटचं वर्ष. म्हणजे मॅकेनाविरुद्धचा आजचा घरचा सामना हाच त्याचा शेवटचा. हा हातचा गेला की चार वर्षं हाडं मोडून घेतली ती फुकट.

लायलचा खरा राग होता क्राउझबाईंवर. जुना कोच डोक्याला मार लागलेल्या पोरांच्या तोंडावर पाणी मारून त्यांना परत खेळायला ढकलायचा. बाईंचा नील त्यातलाच एक. आता तो आईला वार विचारतो, आणि कॉफी संपायच्या आत पुन्हा विचारतो. चौकशीत बाई उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "दोन वर्षं कमीच आहेत." आणि तरीही दर सामन्याला ही बाई टीमच्या बाकामागे, पहिल्या रांगेत हजर! ना टाळी, ना आरोळी.

आज सकाळी गेटवर लायलला राहवलं नाही. "बाई, आम्ही काय घोडं मारलं होतं हो तुमचं?"

"तू नाही मारलंस, बाळा," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण जिंकायची वेळ आली की तुम्ही सगळे सारखेच."

ते वाक्य लायलच्या मनात दिवसभर सलत राहिलं.

सामना शेवटाला आला तेव्हा ब्लॅकथॉर्न चार गुणांनी मागे होतं. पण चेंडू त्यांच्याकडे होता आणि मॅकेनाची शेवटची रेघ अगदी हाकेच्या अंतरावर. रेघ ओलांडली की सहा गुण, सामना खिशात. तेवढ्यात चेंडू फेकणारा जमार, टीमचा हुकमी एक्का, दोन धिप्पाड गड्यांखाली आपटला. उठला, आणि निघाला थेट मॅकेनाच्या बाकाकडे.

कोचनं खेळ थांबवून घेतला. टीमचा डॉक्टर दुसऱ्याच्या गुडघ्यापाशी अडकलेला. लायलनं जमारला दंडाला धरून बाजूला आणलं.

"आज कुणाशी खेळतोय आपण?"

"हॅनफर्डशी," जमार म्हणाला. हॅनफर्डचा सामना गेल्या आठवड्यात झाला होता. "मी ठणठणीत आहे रे! खेळू दे मला, लायल, तुझ्या पाया पडतो."

कोचला कळलेलं नव्हतं. गप्प बसायचं, बस्स. एकच डाव तर उरला होता!

त्यानं जमारचं हेल्मेट काढून घेतलं. पण बाकावर ठेवलं तर हा पठ्ठ्या घालून पळत येणार. म्हणून तो कठड्याशी गेला आणि ते क्राउझबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"सांभाळा. मागितलं तरी देऊ नका."

बाईंनी दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं.

"हा बसणार!" लायल ओरडला. "डॉक्टर, इकडे या! कोच, ओवेनला पाठवा!"

ओवेन, जमारच्या जागचा राखीव गडी, आख्खा मोसम बाकावर बसून होता. तो हेल्मेट चढवत धावत आला.

"फेकायचं नाही काही," लायल म्हणाला. "चेंडू देतो, छातीशी धर आणि माझ्या पाठीला चिकटून ये. बाकीचं माझ्यावर सोड."

त्यानं चेंडू मागे सरकवला आणि समोरच्या आडदांड गड्याला छातीनं असा रेटला, असा रेटला, की तो पठ्ठ्या मागेमागे जात उताणाच पडला. लायल त्याच्यावर, ओवेन लायलवर, आणि चेंडू रेघेपलीकडे!

जिंकले हो! मैदान दणाणलं. म्हातारेकोतारे कठडे ओलांडून धावले, बँडवाले बेसूर वाजवत सुटले, ओवेन तर ढसाढसा रडत होता. लायलला पोरांनी खांद्यावर घेतलं. खाली उतरल्यावर तो आधी कठड्याशी गेला.

बाई उभ्या होत्या. हेल्मेट छातीशी, आणि ओरडून ओरडून घसा बसलेला.

"शिक्षा बरोबरच होती," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"अन्याय होता, बाई. मरेपर्यंत म्हणणार."

"म्हण." बाईंनी डोळे पुसले. "पण ह्या विजयाला हात लावायला येऊ दे कुणी. मी बसलेय इथं."

डॉक्टरच्या शेजारून जमार ओरडला, "बाई, माझं हेल्मेट द्या की!"

"मिळणार नाही," बाई म्हणाल्या.