सुकलालची मोरी

अर्धांगवायूनंतर सुकलाल दवाखान्यातून भेस्तान भागातल्या घरी आला, तेव्हा त्याची डावी बाजू जवळजवळ निकामी होती. तीस वर्षं कापडगिरणीत लूमवर उभा राहिलेला माणूस आता संडासला जायचं म्हटलं की मान फिरवायचा. बायको आणि सून दोन्हीकडून धरून नेत, आणि तो डोळे मिटून घेई. आठवड्याभरात त्याने पाणी पिणंच कमी केलं.

त्याच्या बायकोच्या, धुरपदाबाईच्या, ते लक्षात आलं. त्याच दिवशी तिने दगा मिस्त्रीला बोलावलं.

"मावशी, पलंगाखाली भांडं ठेवा. एवढी तोडफोड कशाला?" दगा म्हणाला.

"ते स्वतःच्या पायाने जातील. तू मोरीत कमोड बसव, उंबरा काढ आणि खरबरीत लादी टाक."

तिने मोरीत कमोडच्या जागी खुर्ची ठेवून सुकलालला बसवलं, उठायला सांगितलं. आधारासाठी त्याचा उजवा हात जिथे गेला, तिथे तिने भिंतीवर खडूने खूण केली. "दांडी इथेच लागेल."

दगाने तिथेच दांडी लावली. तो हत्यारं आवरत होता, तेवढ्यात धुरपदाबाईने दोन्ही हातांनी दांडी धरली आणि अंगाचा सगळा भार टाकला. स्क्रू, प्लास्टिकची गुल्ली, टाइलचा तुकडा, सगळं निघून आलं. ती दाणकन खाली बसली.

"मावशी, अशी लटकतं का कोणी?"

"ते लटकतील," कंबर चोळत ती म्हणाली. "भिंत पातळ आहे. आरपार भोक पाड, पलीकडून लोखंडी पट्टी लाव."

"आई, पलीकडे किचन आहे. पट्टी दिसेल ना," सोनाली, तिची सून, म्हणाली.

"दिसू दे."

दुसऱ्या दिवशी आरपार बोल्ट बसले. या वेळी आधी धुरपदाबाई लटकली, मग सोनालीला लटकायला लावलं. दांडी हलली नाही. दार बाहेर उघडेल असं फिरवलं आणि आतली कडी काढून टाकली.

सिमेंट वाळायला दोन दिवस दिले. तिसऱ्या सकाळी सुकलाल काठी टेकत दारापर्यंत आला आणि थांबला.

"कडी कुठे शे?"

"काढली. आत पडलात तर दार कोण तोडेल?"

"मग मी नही जास."

धुरपदाबाई त्याच्यासमोर उभी राहिली. "तुम्ही हाक मारल्याशिवाय मी दाराला हात लावणार नाही. सोनालीही नाही. माझा शब्द."

त्याने काठी दारापलीकडे टेकवली. मग आत गेला आणि दार ओढून घेतलं.

थोड्या वेळाने आत काहीतरी आदळलं. सोनाली धावली. धुरपदाबाईने तिचा दंड घट्ट पकडला.

"आई, पडले असतील!"

"हाक आली नाही."

मग नळाचा आवाज आला. काठी टेकल्याचा आवाज आला. दार बाहेर ढकललं गेलं आणि सुकलाल उंबरा नसलेल्या लादीवरून एकटा चालत आला. कपाळावर घाम होता, लुंगीचा काठ भिजलेला होता.

"काय पडलं?" तिने विचारलं.

"पाण्याचं डबडं." तो खुर्चीवर टेकला, श्वास घेतला. "लाइटचं बटन उंच शे. माले पोचत नही."

धुरपदाबाईने सोनालीला फोन मागितला आणि दगाचा नंबर लावला.