वाफेच्या व्हॉल्व्हवरची टोपी

मित्रांनो, मी एक जुना ॲक्चुएटर आहे. नाव अवघड, आणि बसतो व्हॉल्व्हच्या डोक्यावर, म्हणून आमच्या कोल्हापूरजवळच्या डेअरीत मला सगळे 'टोपी' म्हणतात. दूध तापवणाऱ्या यंत्राकडे वाफ सोडणारा व्हॉल्व्ह मी उघडतो आणि मिटतो. माझ्या पोटात रबराचा पडदा आहे आणि एक दणकट स्प्रिंग. दूध गार असले की नळीतून हवा येते, पडदा फुगतो, दांडा वर उचलला जातो आणि वाफ सुटते. दूध तापले की हवा निघून जाते आणि स्प्रिंग दांडा खाली दाबून वाफ बंद करते.

बारा वर्षे मी असा राबलो. ऑपरेटर केरबा मला दर आठवड्याला पुसायचा. पडदा विरल्याचे त्याने तीनदा सांगितले. कोणी ऐकले नाही.

एका दुपारी पडदा फाटला. स्प्रिंगने वाफ बंद केली आणि दूध तापेना. सुपरवायझर विजयसिंह धावत आले. त्यांचा पहिला हातोडा माझ्या डोक्यावर बसला. दुसऱ्याने पत्रा चेपला.

“सायब, मारू नगासा! पडदा फाटलाय त्येचा. अर्धा तास थांबा की,” केरबा म्हणाला.

“दारात टँकर उभं हाईत, आन् तू मला शिकवतोस व्हय रं?”

त्यांनी केरबाच्या थोबाडीत लगावली. मग पहारीने माझा दांडा वर उचकटला आणि तारेने आवळून टाकला.

थोड्याच वेळात दुधाचा पंप बंद पडला. अडकलेले दूध उकळू लागले. मला मिटायचे होते, पण तार सोडेना. पाइपाचा सांधा तोफेसारखा फुटला आणि वाफ विजयसिंहांच्या तोंडावर आदळली. ते किंचाळत कोसळले.

बाकीचे पळाले. केरबा ओले पोते पांघरून वाफेत शिरला आणि छिन्नीने तार तोडली. दांडा धाडकन खाली आला. वाफ थांबली, पण केरबाची दोन बोटे माझ्या दांड्याखाली चिरडली. त्याच रक्ताळलेल्या हाताने त्याने साहेबांना बाहेर ओढले.

एकाला वाचवताना मी दुसऱ्याची बोटे घेतली, मित्रांनो. ते मला अजून सलते.

चार महिन्यांनी भाजलेल्या चेहऱ्याचे विजयसिंह स्वतः नवा पडदा घेऊन आले. केरबाला तीन बोटांनी पाना पेलेना. साहेबांनी तो आपल्या हातात घेतला.

“केरबामामा, कुठला बोल्ट आधी आवळू?”

“समोरासमोरचं आवळा, सायब. दमानं.”

मित्रांनो, यंत्र अडले तर ते हट्ट करत नसते. त्याला मारू नका. त्याची भाषा जाणणारा माणूस शेजारीच उभा असतो, त्याचे ऐका.